कांदेपोह्यांचा उलटतपास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण नंतर तुम्ही हसलात तर मला पुढचं सांगता येणार नाही. मी अशी काही माती खाल्लीय ना, की अजून कोणाच्या घरून पोह्यांचा वास आला तरी मी रस्ता बदलते. आणि खाल्ली कुठे? स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर, नवा ड्रेस घालून!

तर मी तेव्हा बारावीत. डोक्यात एकच खूळ, एनडीए. मुलींना खडकवासल्याचं दार उघडलंय हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं. पहाटे मैदानात पळायचं, मग कॉलेज, मग गणितं. आणि काय सांगू, लेखी परीक्षा पास झाले की मी! बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आमचे बाबा म्हणजे एरवी लिफ्टमध्येसुद्धा कोपऱ्यात उभे राहणारे. पण त्या दिवसापासून छाती काढून चालायला लागले.

आता राहिलेली एसएसबी. पाच दिवसांची निवड. त्यात एक मुलाखत असते आणि तिथे भलेभले गार होतात. समोरचा ऑफिसर एका दमात दहा प्रश्न विचारतो. तुम्ही ते सगळे लक्षात ठेवायचे आणि ओळीने उत्तरं द्यायची. एक जरी गाळलं तरी त्याच्या लक्षात येतं.

त्यासाठी मी डोंबिवलीहून ठाण्याला क्लास लावलेला, खोपटच्या डेपोमागच्या गल्लीत. शिकवायला एक रिटायर्ड मेजर. आम्ही त्यांना मेजर सरच म्हणायचो. एकदा ते म्हणाले, "तुम्ही घाबरता, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं. घरी जा, त्याच्या खुर्चीत बसा. दिसेल त्याला प्रश्न विचारा. माणूस मोठ्या गोष्टीत बेमालूम खोटं बोलतो, पण बारीकसारीक तपशिलात सापडतो."

हे शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं. घ्यायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दूधवाल्याला धरलं, वॉचमनला धरलं. वॉचमन तर मला बघितलं की पंपाच्या खोलीत जाऊन बसायचा. मग आईला धरलं.

"आई, आज भाजी कुठून आणलीस, किती वाजता, बरोबर कोण होतं, भाजीवाल्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातलेला, मेथीच का घेतलीस, आणि पालक का नाही?"

आई म्हणाली, "आणि लाटणं कुठे ठेवलंय, ते पण सांगू का?"

अशी माझी जोरदार तयारी चाललेली असताना कामतमावशींचा फोन आला. या आईच्या मैत्रीण. ताईसाठी एक स्थळ आहे म्हणाल्या, ठाण्याचं. मुलगा निखिल, इंजिनियर, नोकरी अंधेरीला, घरी तो आणि आई दोघंच.

आमची ताई, म्हणजे सायली, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ऐरोलीला नोकरी. तोपर्यंत आलेलं प्रत्येक स्थळ तिने फोटो बघूनच उडवून लावलेलं. एकाचे कान मोठे, एकाचं हसणं खोटं. आणि या वेळी? मावशींचा फोन खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बघू या की. काय हरकत आहे?"

कोणालाही संशय आला असता हो! मला नाही आला. मी भावी ऑफिसर ना!

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी. बाबांना एक बहीण आहे, आमची आत्या. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, घरी न विचारता. तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलले नव्हते. ती राहते आंबिवलीला. कल्याणच्या पुढे दोन स्टेशनं फक्त, पण बाबांच्या लेखी ती परदेशातच गेलेली. आई चोरून तिला फोन करायची. बाबांना ते माहीत होतं, पण ते माहीत नसल्यासारखं वागायचे. घरात प्रेमविवाह हा विषय निघाला की बाबा उठून गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. त्या कुंड्यांना इतकं पाणी मिळालंय की तुळस दोनदा कुजली.

तर रविवारी संध्याकाळी निखिल आला. बरोबर त्याची आई आणि कामतमावशी. मला आईची सक्त ताकीद होती. नमस्कार करायचा, पाण्याचा ट्रे ठेवायचा आणि मुकाट आत जायचं.

मी नमस्कार केला, ट्रे ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले.

गप्पा काय, नेहमीच्याच! "शीळफाट्याला तासभर अडकलो हो." "तिथे कायमचंच आहे." "तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?" मी जांभई गिळत होते. ताई मान खाली घालून बसलेली. ताई! जी रिक्षावाल्याशी भांडताना अर्धा मानपाडा रोड थांबवते, ती मान खाली घालून!

तेवढ्यात बाबांनाच माझं कौतुक करायची हुक्की आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, सुरुवात बाबांनी केली.

"ही आमची धाकटी, जुई. एनडीएची लेखी पास झालीय. आता मुलाखतीची तयारी. विचार गं यांना एखादा प्रश्न, तेवढीच सवय होईल."

एखादा! मी काय एखाद्यावर थांबणार होते?

मी सरळ ताठ बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले. "तुमची शाळा कुठली, आवडते सर कोण, का आवडतात, नावडते कोण, जवळचे मित्र किती, त्यांच्याशी भांडण झालंय का, रिकाम्या वेळात काय करता, शेवटची सहल कुठे, कोणाबरोबर, आणि तिथे धाडसाचं काय केलंत?"

निखिलची आई हसायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावर अभिमान मावेना. निखिलने पोह्यांची डिश खाली ठेवली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि उत्तरं द्यायला लागला. ओळीने! शाळा, सर, नावडते सर, मित्र, भांडण. एकही गाळलं नाही. मला स्वतःला सात प्रश्नांच्या पुढे आठवत नाही, खोटं कशाला बोलू? माझा तर जळफळाटच झाला.

शेवटी म्हणाला, "सहल म्हणजे मागच्या डिसेंबरला कोलाडला गेलेलो, राफ्टिंगला. ऑफिसचा ग्रुप होता. धाडस असं काही नाही. एका मुलीची चप्पल नदीत वाहून चाललेली, ती उडी मारून काढली."

मी कान टवकारले. कारण डिसेंबरात ताईपण कोलाडला गेलेली. ऑफिसच्या ग्रुपबरोबर. तिचीपण चप्पल वाहून गेलेली आणि ग्रुपमधल्या कुठल्याशा मुलाने ती काढून दिलेली. घरी येऊन ताईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितलेली की आई म्हणाली, आता त्या चपलेची पूजा कर. पण ताईचं ऑफिस ऐरोलीला आणि या माणसाचं अंधेरीला!

आता तुम्ही म्हणाल, एवढंही कळलं नाही हिला? तुम्हाला कळणारच हो, तुम्ही निवांत चहा पीत बसलायत. माझ्या डोक्यात मेजर सर बसलेले.

"चप्पल कुठल्या रंगाची होती?"

"ब्राऊन. म्हणजे… आठवत नाही नीट."

सापडला! आधी सांगितलं, मग फिरवलं! तिकडे ताईला जोराचा ठसका लागला. तिने माझ्याकडे असे डोळे वटारले की विचारू नका. आणि मी शहाणी, मला वाटलं ही घाबरलीय. माझ्याकडे मदत मागतेय बिचारी! मी तिला डोळ्यांनीच खूण केली, काळजी करू नकोस, मी आहे.

तेवढ्यात आई ताईसाठी पोहे घेऊन आली. भरपूर ओलं खोबरं, वर कोथिंबीर. ताईला कोथिंबीर चालत नाही, पण पाहुण्यांसमोर डिश बरी दिसावी म्हणून आईने घातलेली. निखिल मधे बसलेला, म्हणून आईने डिश त्याच्या हातात दिली, पुढे सरकवायला. आणि तो माझ्याशी बोलता बोलता, चमच्याने वरची सगळी कोथिंबीर आपल्या डिशमध्ये ओढून घेतो आणि मग ती डिश ताईला देतो! अगदी रोज करत असल्यासारखा.

आईचा हात हवेतच राहिला. निखिलच्या आईने आधी मुलाकडे बघितलं, मग ताईकडे. नंतर आई म्हणाली, मला त्याच क्षणी सगळं लख्ख कळलं. निखिलच्या आईलाही कळलेलं. म्हणजे हॉलमध्ये न कळलेले दोघंच राहिले, बाबा आणि मी. बाबांना कळलं नाही कारण ते पोहे खात होते. मला कळलं नाही कारण मी तपास करत होते.

निखिलच्या लक्षात आलं आपल्या हातून काय झालंय ते. कपाळावर घाम फुटला, पण गडी हसतमुख. विषय बदलायला म्हणून मला म्हणाला, "तू मेहनत करतेयस हां खूप. घोटा बरा आहे ना आता?"

मी ताडकन उभी राहिले. पळताना माझा घोटा मुरगळलेला, पण ते आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. मीच सांगू दिलं नव्हतं, मेडिकलमध्ये काढतील या भीतीने!

"बाबा, यांना जाऊ देऊ नका!"

"अगं, आत्ता तर आलेत," बाबा म्हणाले.

"हा माणूस ताईवर पाळत ठेवून आहे! कोलाडला हा ताईच्या मागे होता. तिला कोथिंबीर चालत नाही हे याला माहितीय, माझा घोटा याला माहितीय! आपल्या घरातली एक एक बातमी याच्याकडे आहे. याने ताईला धमकावून हे स्थळ आणलंय. बघा, बघा ताई कशी थरथरतेय!"

ताई थरथरत होती, हे खरं. पण ते रागाने. हाताच्या अंतरावर मी असते तर तिने माझी मानच धरली असती.

"जुई, बस खाली," आई दातओठ खात म्हणाली.

"नाही आई, घाबरू नकोस! मावशी, तुम्ही सांगा, या माणसाला तुम्ही कुठून ओळखता?"

कामतमावशी पार गांगरल्या. "अगं, मी कुठे ओळखते याला? मला तर सायलीनेच…"

आणि जीभ चावली.

बाबांनी डिश खाली ठेवली. "सायलीने काय?"

मग निखिल उठून उभा राहिला. पळून जाईल म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. हो, खरंच राहिले. काय करता?

"काका," तो म्हणाला, "मावशींची काही चूक नाही. सायली आणि मी दोन वर्षं एकमेकांना ओळखतो. आम्हाला लग्न करायचंय. तुम्हाला सरळ येऊन सांगायला हवं होतं. हे असं रीतसर स्थळ म्हणून यायचं मीच ठरवलं. चूक माझी आहे."

"त्याची नाही, माझी आहे," ताई म्हणाली. "बाबा, तो सरळच येणार होता. मी येऊ दिलं नाही."

"मेल्या, मला तरी सांगायचंस!" निखिलची आई त्याच्यावर कडाडली. "पत्रिका जुळते का बघायला मी गुरुजींच्या पायऱ्या झिजवल्या!"

आणि मी? मी दारात. हात आडवे पसरून.

बाबा उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. गॅलरीतसुद्धा गेले नाहीत. पाहुणे उठले. जाताना मला दारातून बाजूला व्हायला निखिलनेच हळूच सांगितलं. "जाऊ देतेस का?" म्हणाला, तेही हसून. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला!

ताईने मला हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या डोंबिवलीला ठाऊक आहे. त्या रात्री ती उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली. मी मागे मागे गेले. "ताई, सॉरी ना गं."

"दोन वर्षं, जुई," ती म्हणाली. "दोन वर्षं मी हा एक दिवस नीट जुळवत होते. आता बाबा माझ्याशी बोलणार नाहीत. आत्यासारखंच. जा, प्रॅक्टिस कर तू."

मला रडू आवरेना. खरंच सांगते, तोपर्यंत माझ्यासाठी ही सगळी गंमत होती. ताईचं आयुष्य पणाला लागलंय हे तेव्हा डोक्यात शिरलं.

पुढचे दिवस घरात सुतकी शांतता. बाबा ऑफिसला जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. मला बघितलं की वॉचमनसारखं तोंड फिरवायचे. क्लासला मी मेजर सरांना सगळं सांगितलं. वाटलं, धीर देतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माहिती सगळी बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा. लढाईत यानेच आपले तोफगोळे आपल्याच माणसांवर पडतात."

झाला धीर देऊन!

शेवटी मीच बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, ताईवरचा राग माझ्यावर काढा. मी मुलाखतीला जात नाही. एनडीए नको मला. पण ताईशी बोला."

"तू कशाला मधे मधे येतेस सारखी?" बाबा म्हणाले. मग हातातला पेपर घडी करून ठेवला. "सायलीला बोलाव."

ताई आली, दारातच थांबली. बाबांनी तिला विचारलं, "सायली, मी तुला एवढा वाईट वाटतो? सरळ सांगायची सोय नाही इतका?"

"वाईट नाही हो बाबा," ताई म्हणाली, "मला तुमची भीती नाही वाटत. तुम्ही परत कधी बोलणारच नाही, याची भीती वाटते. मला आंबिवलीची आत्या नाही व्हायचंय."

बाबा रडले. मी बाबांना रडताना पहिल्यांदा बघितलं, आणि तेही माझ्या कर्तबगारीमुळे. मान वर करायची हिंमत होईना माझी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि आम्हाला सगळ्यांना घेऊन आंबिवलीला गेले. आत्याने दार उघडलं. इतक्या वर्षांनी भाऊ दारात! मला वाटलं आता किंचाळेल, गळ्यात पडेल. आत्या म्हणाली, "दादा, पाय पुसून ये हां, आत्ताच लादी पुसलीय." मग दोघंही तिथेच उंबऱ्यात हुंदके देत बसले, आणि आम्ही बाहेर जिन्यात उभे.

साखरपुडा झाला. आत्या सगळ्यात पुढे, पैठणी नेसून. बाबा येईल त्याला सांगत होते, "मुलगा काय शांत आहे म्हणून सांगू! आमच्या धाकटीने असा फैलावर घेतला, पण ढळला नाही." म्हणजे जे घरातल्या चार भिंतींत राहिलं असतं, ते बाबांनी दोनशे माणसांना सांगितलं. प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "हीच का ती?" निखिलभावोजींनी तर मला पोह्यांची डिश आणून दिली. बिनकोथिंबिरीची.

आता मुलाखत. माझी निवड झाली नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच आशा लावून बसाल.

समोर ऑफिसर होते, पिकलेल्या मिशांचे, प्रेमळ. त्यांनी एका दमात दहा प्रश्न टाकले आणि त्यातला शेवटचा होता, घरात हल्ली घडलेली महत्त्वाची घटना कोणती आणि त्यात तुझी भूमिका काय? काहीही सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, आता एकदा तोंडघशी पडलेयच, तर इथे तरी खरं बोलू. सगळं सांगितलं. चप्पल, कोथिंबीर, घोटा, दारात आडवे केलेले हात.

ते हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, जमलं की! मग ते एकदम गंभीर झाले, पुढे झुकले.

"दहाही प्रश्नांची उत्तरं दिली त्याने? ओळीने?"

"येस सर."

"तू आरोप करत होतीस तेव्हा आवाज चढवला नाही?"

"नाही सर. हसत होता."

"आणि सगळी चूक स्वतःच्या अंगावर घेतली? सगळ्यांसमोर?"

"येस सर!" मी छाती फुगवून म्हटलं. आपल्या घरच्या माणसाचं कौतुक चाललंय, मला काय, आनंदच!

त्यांनी पेन उचललं. "लड़के की उमर क्या है?"

"अठ्ठावीस, सर."

पेन परत खाली ठेवलं. मान हलवली, आणि मनापासून हळहळून म्हणाले, "अरेरे… निकल गई उमर. उसको भेजना था."